दुरुस्ती की डिजिटल?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत अकोल्याच्या घरी बाबांचा कॅमेरा निघाला आणि घरात सरळ दोन पक्ष पडले. एक म्हणतो दुरुस्त करा, दुसरा म्हणतो भंगारात द्या. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं येतात, तिथं चार दिवस नुसती धुमश्चक्री चालली होती. मी तेव्हा काही बोललो नाही. (बोललो असतो तरी कोणी ऐकलं नसतं, मी सगळ्यांत धाकटा.) पण मला जे म्हणायचंय ते ग्रुपवर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हा लेखप्रपंच. नातेवाईक मंडळी वाचतीलच. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी कॅमेऱ्याबद्दल. हा याशिका इलेक्ट्रो ३५. हे मॉडेल जपानमध्ये १९६६ साली आलं. बाबांनी आपला १९८३ साली मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारातून घेतला, तोही जुनाच. ते तेव्हा अकोल्याला कृषी विद्यापीठात होते आणि कामासाठी मुंबईला गेले होते. आईला सांगितलेली किंमत आणि दिलेली किंमत यांत फरक होता, असं आई अजून म्हणते. या कॅमेऱ्याची गंमत अशी की शटरचा वेग तो स्वतः ठरवतो. आपण फक्त ॲपर्चर लावायचं आणि फोकस करायचा. पिवळा दिवा लागला तर उजेड कमी आहे, हात हलवू नका. लाल लागला तर उजेड फार आहे. आमच्या वऱ्हाडात मार्च ते जून लाल दिवाच जास्त पाहायला मिळायचा.

रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढला की आतून 'खट्' असा आवाज यायचा. लहानपणी मला वाटायचं की हाच फोटो निघाल्याचा आवाज. दिवाळीत कॅमेरा हातात घेतला, लिव्हर ओढला, तर तो आवाजच नाही.

मी अमरावतीला राहतो. येताना कॅमेरा सोबत घेऊन आलो आणि इतवाऱ्याकडच्या एका जुन्या कारागीर काकांना दाखवला. पूर्वी ते कॅमेरे दुरुस्त करायचे, आता घड्याळांवर भागवतात. त्यांनी लिव्हर एकदाच ओढला, कान लावला आणि न उघडताच सांगितलं, "रबर गेलं भाऊ आतलं." या कॅमेऱ्याचा हा ठरलेला रोग आहे म्हणे. आत रबराचा एक एवढुसा तुकडा असतो, वर्षानुवर्षं गेल्यावर त्याचा भुगा होतो आणि शटरचा वेग मग बरोबर पडत नाही. मागच्या झाकणाच्या कडेचा फोमही डांबरासारखा चिकट झालेला, म्हणजे उजेड आत शिरणार. त्याची मूळची बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची. ती केव्हाच बंद झाली, पण ६ व्होल्टची आजची बॅटरी सांधा लावून बसवता येते.

"होते दुरुस्त," काका म्हणाले. "रबर टाकून देतो, फोम बदलवून देतो. अठराशे रुपये द्या. पण भाऊ, रोल कुठी धुवसान?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. राजकमल चौकापासून राजापेठेपर्यंत चार दुकानांत विचारलं. दोन ठिकाणी काउंटरवरच्या पोरांना "रोल धुणं" म्हणजे काय तेच कळलं नाही. एकानं पुण्याला कुरिअर करा म्हणून सांगितलं.

आता पहिल्या पक्षाशी, म्हणजे दुरुस्तीवाल्यांशी बोलतो. यांचा पुढारी माझा पुतण्या. पुण्यात नोकरी करतो आणि स्वतः फिल्मवर फोटो काढतो. त्याचं म्हणणं, डिजिटल फोटोला "फील" नसतो. फिल्म वापरताना माणूस विचार करून बटण दाबतो, ३६ च फोटो म्हटल्यावर प्रत्येकाची किंमत कळते, वगैरे. जगभर ही लाट आहे हे खरंच. २०२४ साली पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. मी काही त्याची चेष्टा करत नाही. पण त्याला मी सरळ हिशेब विचारला. रोल, धुलाई, स्कॅन, कुरिअर मिळून अठराशेच्या घरात जातं. म्हणजे फोटोमागे पन्नास रुपये. ठीक आहे, हौसेला मोल नाही. मग विचारलं, निगेटिव्ह कुठे ठेवतोस? तर म्हणाला, "काका, ते कोण आणतं? लॅबवाले स्कॅन मेल करतात ना!"

घ्या! म्हणजे फिल्मवर फोटो काढायचा, त्याची डिजिटल फाइल करायची, ती फोनवर टाकून इन्स्टाग्रामला लावायची आणि मूळ निगेटिव्ह लॅबच्या कचऱ्यात. मग फिल्म वापरली कशासाठी? यानं पन्नास रुपयांत एक डिजिटल फोटोच काढला, फक्त लांबच्या रस्त्यानं.

शिवाय कॅमेरा दुरुस्त केला म्हणजे कॅमेऱ्याचा काळ दुरुस्त होत नाही. कॅमेरा ही एका साखळीतली एक कडी होती. मागे रोल बनवणारे कारखाने होते. आपल्याकडे उटीला १९६० साली सरकारनं हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली होती, तिची 'इंदू' फिल्म जुन्या फोटोग्राफर मंडळींना आठवत असेल. पुढे गावोगावी स्टुडिओ होते, अंधाऱ्या खोल्या होत्या. काळ्यापांढऱ्या फिल्मचं रसायन साधारण २० अंशांवर ठेवायचं असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि नळाला येणारं पाणी चहा करण्याजोगं. बाबांचे स्टुडिओवाले मित्र त्या दिवसांत ट्रेखाली बर्फाचा चुरा घालून रोल धुवायचे. ती माणसं गेली, त्यांचे हात गेले. साखळी तुटल्यावर एक कडी अठराशे रुपये देऊन चमकवायची, ती कशाला?

आता दुसऱ्या पक्षाला वाटत असेल की मी त्यांच्या बाजूचा. थांबा.

दुसऱ्या पक्षाचे पुढारी आमचे भाऊजी. त्यांचं म्हणणं, "फोनमध्ये सगळं आहे, तो डबा कशाला पाहिजे?" हेच भाऊजी २००६ साली बाबांच्या एकसष्टीला चार मेगापिक्सेलचा नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन आले होते. तो दिवस मला लख्ख आठवतो. घराच्या अंगणात मांडव होता, अचलपूरचे सगळे मामा आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांना कोणी कॅमेरा हातात धरू दिला नाही. "आज तुम्ही बसा!" म्हणून. भाऊजींनी त्या दिवशी दोनशेच्या वर फोटो काढले. एकही प्रिंट काढली नाही. कोणी मागितली की म्हणायचे, "कॉम्प्युटरवर आहेत ना, केव्हाही काढू." दोन सीडी केल्या होत्या. २०११ साली कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. सीड्या काढून पाहिल्या तर दोन्ही वाचल्या जाईनात. (सीडीवर लिहिलेली माहिती एका रंगाच्या थरात असते आणि तो रंग खराब होतो, हे आम्हाला नंतर कळलं.) दोनशेतले तीन फोटो उरले, तेही मी ईमेलनं पाठवण्यासाठी लहान करून ठेवले होते म्हणून. ६४० गुणिले ४८०. मोठे करून पाहिले तर बाबांच्या डोळ्यांच्या जागी चार चौकोन दिसतात.

बाबा २०१७ साली गेले. तेराव्याला लावायला धड फोटो सापडेना, शेवटी बँकेच्या पासबुकावरचा मोठा करून घेतला.

म्हणजे फिल्मच चांगली होती, असंच ना? पुतण्याही हेच म्हणाला. कारण १९८३ ते २००१ चे निगेटिव्ह सगळेच्या सगळे आहेत. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्यात चौतीस पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर बॉलपेननं आईच्या अक्षरात तारीख, गाव आणि कोण कोण आहे ते. त्यातला एक रोल मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. "मूर्तिजापूर, जानेवारी ९४, शकुंतला, आजी."

आमचं आजोळ अचलपूर. अकोल्याहून मूर्तिजापूरला यायचं आणि तिथून शकुंतलेत बसायचं. दर्यापूर, अंजनगाव करत ७६ किलोमीटर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते निघालं आणि डिझेल आलं. आता तर गाडीही धावत नाही. इंजिन जाणार अशी कुणकुण लागली म्हणून बाबा आम्हाला मुद्दाम घेऊन गेले होते. निगेटिव्हमध्ये वाफ काळी दिसते आणि आजीचं नऊवारी पांढरं. पण सगळं आहे. इंजिनाच्या चाकाजवळ उभी आजी, तिच्या हातात पानांचा पुडा, आणि खाली जमिनीवर कॅमेरा धरलेल्या माणसाची लांब सावली. चौतीस पाकिटांत बाबा मोजून पाच फोटोंत आहेत, आणि सहावी ही सावली.

तर हे सगळं फिल्ममुळे टिकलं का? मी याच प्रश्नावर महिनाभर अडलो होतो. माझं उत्तर आहे, नाही.

आमच्या चुलतकाकांच्या लग्नाचे निगेटिव्ह स्टुडिओतच राहिले होते. पूर्वी अशीच पद्धत होती, प्रिंट आपली आणि निगेटिव्ह स्टुडिओची. तो स्टुडिओ बंद झाला तेव्हा सगळा माल किलोवर गेला. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून तर भंगारवाले जुने एक्स-रेसुद्धा विकत घेतात. काकांच्या लग्नातून किती चांदी निघाली असेल, देव जाणे! आणि आपल्या घरचं कशाला, अख्ख्या देशाचं बघा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याची आज पहिली आणि शेवटचीच रिळं हाती आहेत, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ चा, त्याची एकही प्रत उरलेली नाही. फिल्मवरच होते ना दोन्ही?

आमचा डबा टिकला तो आईमुळे. रंगीत निगेटिव्हला उष्णतेचा त्रास होतो, रंग उडतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण घरातलं नको असलेलं सगळं माळ्यावर टिनाखाली जायचं, आणि हा डबा मात्र लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, रेशन कार्ड आणि पॉलिसीच्या कागदांशेजारी. का? तर "महत्त्वाचं आहे." तिच्या लेखी विषय तिथं संपला. तीन घरं बदलली, प्रत्येक वेळी तो डबा ट्रकमध्ये न टाकता ती मांडीवर घेऊन बसली.

एकसष्टीच्या फोटोंना कोणी आई भेटली नाही. सगळ्यांना वाटलं, कॉम्प्युटर सांभाळेल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते दोन्ही पक्षांना आहे: फिल्म की डिजिटल हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतोय. विचारायचं ते हे, की सांभाळणार कोण? फिल्मच्या काळात हे काम सोपं तरी होतं. एकदा डबा नीट ठेवला की वीस वर्षं तिकडे पाहिलं नाही तरी चालायचं. डिजिटलला ती सवड नाही. दर चार-पाच वर्षांनी जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर उचलून ठेवावं लागतं, नाही ठेवलं तर गेलं. आणि हे काम करणारी कंपनी जगात नाही. ब्लॉगवाल्या मित्रांना मी हे काय सांगावं? याहूचे फोटो २००७ साली बंद झाले, जिओसिटीज २००९ ला, आणि आपलं लाडकं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं. गुगलनं फोटोंची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली. यातल्या कितींवर तुमचे फोटो होते, आणि त्यातले किती तुम्ही वेळेत उतरवून घेतले? माझे ऑर्कुटवरचे गेले. मी तेव्हा "करू निवांत" म्हणत होतो.

तर निर्णय सांगतो. कॅमेरा मी दुरुस्त करणार नाही.

हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादाचा लगेच फोन आला. "बाबाची आठवण हाये ते. तुले काही वाटते का नाही बे?" दादा, वाटतं. म्हणून तर हे लिहितोय. पण बाबांची आठवण त्या खोक्यात नाही, खोक्यातून त्यांनी जे पाहिलं त्यात आहे. रबर घालून 'खट्' असा आवाज परत येईल, दोन रोल आपण हौसेनं काढू, आणि मग तो पुन्हा कपाटात जाईल. इकडे डब्यातल्या हजारावर फोटोंतले निम्म्याहून जास्त आपल्यापैकी कोणी वीस वर्षांत पाहिलेले नाहीत.

दुरुस्तीच्या मी विरोधात नाही, हेही सांगून ठेवतो. पंखा, मिक्सर, घड्याळ जरूर दुरुस्त करावं. काकांसारख्या माणसांच्या पोटाचा तो प्रश्न आहे. पण दुरुस्त केलेली वस्तू कामाला लागली पाहिजे. नुसती काचेच्या कपाटात ठेवायची तर ती दुरुस्त कशाला?

त्या अठराशे रुपयांत आणखी पदरचे घालून मी निगेटिव्ह स्कॅन होतील असा जुना स्कॅनर घेतला. २४०० डीपीआयवर एका निगेटिव्हची साधारण पावणेआठ मेगापिक्सेलची फाइल होते. भिंतीवर लावायला पुरे. एका फोटोला तीन-चार मिनिटं लागतात, धूळ झटकणं वेगळं. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. आतापर्यंत अकरा पाकिटं झाली. एक डिस्क माझ्याकडे अमरावतीला, एक अकोल्याला दादाकडे. दोन्ही गावांत एकाच दिवशी काही होणार नाही, एवढी आशा ठेवू. आणि वर्षातल्या निवडक पंचवीस फोटोंच्या कागदी प्रिंटा, मागे नावं लिहून.

पण स्कॅनरपेक्षा घाईचं काम वेगळंच आहे. दर दुसऱ्या रविवारी मी अकोल्याला जातो. (याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नाव गेलं. आमचा स्कॅनिंगचा वेग पाहता आमचं जाईलसं वाटत नाही.) लॅपटॉप आईसमोर ठेवतो आणि एकेक फोटो दाखवतो. तिला आता बारीक दिसत नाही, फोटो मोठा करावा लागतो. पाकिटावर तिनं मुख्य माणसांची नावं लिहिली आहेत, पण मागे उभे असलेले, कडेला अर्धे कापले गेलेले, मांडीवरची पोरं, त्यांची नावं कुठेच नाहीत. ती फक्त आईच्या डोक्यात आहेत.

मागच्या रविवारी शकुंतलेचं पाकीट काढलं. आजीच्या मागे डब्याच्या खिडकीतून एक बाई हसताना दिसते. मी तीस वर्षं समजत होतो की ती कोणी प्रवासी आहे. आईनं चष्मा वर केला, स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"थे मांगची? थे तं माह्या मावसबहिणीची नणंद. मूर्तिजापूरलेच भेटली होती. आजीले तिनंच जागा धरून देली."

मी फाइलच्या नावात ते लिहून घेतलं. पुढच्या फोटोतल्या माणसाला मात्र आईनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तोंडावर हाये नाव... येईन. पुढचं दाखव."

ते नाव अजून आलेलं नाही.

तेव्हा मंडळी, कॅमेरा कोणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा. काकांनी बॅटरीच्या जागेचा गंज साफ करून दिलाय, त्याचे पैसेही घेतले नाहीत. पण आधी आपापल्या घरचा डबा काढा. मामा, तुमच्याकडे अचलपूरच्या वाड्याचे फोटो आहेत, मला माहीत आहे. ताई, तुझ्या जुन्या फोनमध्ये बाबांचे दोन व्हिडिओ होते, तो फोन विकू नकोस. भाऊजी, त्या दोन सीड्या अजून असतील तर माझ्याकडे पाठवा, एकदा दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहू. आणि ज्यांच्या घरी नावं सांगणारं माणूस अजून आहे, त्यांनी येत्या रविवारी दुसरं काही ठरवू नका.